आंब्याची वेबसाइट: तीनदा केली, तिसऱ्यांदा जमली

आमच्या दोन डझनांच्या खोक्यावर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा स्टिकर दिसेल. नखाने खरवडलात तर खाली आमच्याच जुन्या वेबसाइटचा पत्ता निघेल. तो कृपा करून मोबाइलवर टाकून बघू नका. का, ते येईलच पुढे.

पावसच्या अलीकडे आमची बाग. हापूसची तीनशेच्या आसपास कलमं, चार-पाच रायवळ, बांधाला रातांबे. बाग सासरे, म्हणजे आमचे अण्णा, बघतात. ऑर्डरी, फोन आणि हिशेब गेली काही वर्षं माझ्याकडे. मागच्या महिन्यात नणंदेचा फोन आला. गणपतीपुळ्याजवळ त्यांचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. "वहिनी, वेबसाइट करायचीय. एक जण आठ हजार म्हणतो, एक जण ऐंशी हजार. मी किती धरू?" फोनवर सांगायला लागले तर गॅसवरचं दूध उतू गेलं तरी माझं संपेना. म्हणून एकदाच बसून लिहितेय. आम्ही तीन जणांकडून तीन साइटी करून घेतल्या. पहिल्या दोघांची नावं लिहीत नाही, भांडण उकरून काढायचं नाहीये. तिसऱ्याचंही लिहीत नाही, तो म्हणाला आधीच कामं जास्त आहेत.

पहिली २०१८ ची. पुण्याच्या एका कंपनीतून मुलीचा फोन आला, आवाज एकदम गोड. "मॅडम, लाइफटाइम वेबसाइट, फक्त ६,९९९." फक्त म्हटल्यावर मी भुलले. बिल आलं ८,२५९ चं, कारण वर १८ टक्के जीएसटी. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, आमचा जीएसटी नंबरही नाही, त्यामुळे तो भरलेला कर वळता करून घ्यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून कुणीही दर सांगितला की मी आधी विचारते, करासकट की कर सोडून?

वर्षभराने पुन्हा तोच गोड आवाज. रिन्यूअलचे ४,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१०. मी म्हटलं, अहो, मग लाइफटाइम काय होतं? "डिझाइन, मॅडम." शिवाय त्याच सुमारास क्रोममध्ये आमच्या पत्त्याच्या आधी 'सुरक्षित नाही' असं दिसायला लागलं होतं. जुलै २०१८ पासून क्रोमने कुलूप, म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट, नसलेल्या सगळ्याच साइटींना तो शिक्का मारायला सुरुवात केली होती. ते कुलूप लावायचे आणखी २,००० घेतले. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था हेच सर्टिफिकेट फुकट देते, हे मला पाच वर्षांनी कळलं. तुमच्या कोटेशनमध्ये 'एसएसएल' म्हणून वेगळी ओळ असेल तर एवढंच विचारा की हे फुकट मिळतं ना? समोरचा जरा अडखळेल.

आता ते डिझाइन. उघडल्या उघडल्या मोठे सरकते फोटो. त्यातल्या एकात लालबुंद गालांचे, पाण्याचे थेंब शिंपडलेले आंबे. मी कौतुकाने अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला. "हा कुणाच्या बागेतला?"

"नेटवरचा आहे, अण्णा."

"मग नेटवाल्यालाच विकायला सांग."

चिडून बोलले, पण चुकले नव्हते. त्या हंगामात दोघा-तिघांनी विचारलं की तुमचा हापूस लाल कसा हो, कर्नाटकातला आहे का. २०१८ च्या ऑक्टोबरात कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळीकडे बातम्या. आणि आम्ही आमच्याच साइटवर परक्या जातीचा आंबा हापूस म्हणून टांगून ठेवलेला.

तरी हे सगळं मी पोटात घातलं असतं. २०२० चं नाही घालता आलं. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन. आंबा झाडावर तयार, तो काही सरकारचं ऐकून थांबत नाही. वाशीच्या घाऊक बाजाराचा भरवसा नाही, गाडीला पास मिळेल की नाही ते माहीत नाही. आणि त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या सोसायट्या थेट बागायतदारांना शोधत होत्या. शेजारच्या वाडीत नुसत्या व्हॉट्सॲपवर टेम्पो भरले. आमच्या साइटवर चौकशीचा फॉर्म होता, आणि महिनाभरात एकही चौकशी नाही. मी समजले, लोकांना आपली साइट दिसतच नसेल.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, सहज म्हणून कंपनीला फोन केला. तेव्हा कळलं की फॉर्म भरला की मेल जातो तो कंपनीनेच आमच्या नावाने उघडलेल्या एका मेल-खात्यात. त्याचा पासवर्ड आम्हाला कधी दिलाच नव्हता. तो घेऊन उघडलं, आत ४३ चौकशा. ११ एप्रिलची एक कांदिवलीच्या सोसायटीची: ८० खोकी, पैसे आगाऊ देतो, अर्जंट फोन करा. खाली नंबर. दोन दिवसांनी त्याच माणसाची दुसरी मेल: 'आंबे आहेत का नाहीत एवढं तरी कळवा.' तोवर त्या आंब्यांचा आमरस करून आम्ही बरण्या भरल्या होत्या, बाकीचे वाटले होते, काही कुजले होते. कुठल्याही कोटेशनच्या कुठल्याही ओळीत हा खर्च लिहिलेला नसतो. साइट हातात आली की त्याच दिवशी आपल्या मावशीला फॉर्म भरायला लावायचा आणि मेल कुठे पडतो ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

कंपनी सोडायची ठरवली, तर कळलं की साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्यांच्या नावावर आहे. माझ्या नावावर करून द्यायचे १५,०००. बाजारात वर्षाला हजार-बाराशेला मिळणारी वस्तू. मी दिले नाहीत, आणि तो निर्णय बरोबर होता की चूक हे मला आजही सांगता येत नाही. कारण आदल्याच वर्षी दोन हजार खोकी तो पत्ता छापून आणली होती. मग स्टिकर छापले, १,१०० रुपये. मी आणि माझ्या दोन जावा ओसरीवर बसून तीन दुपारी ते चिकटवत होतो. त्यांनी पुढे डोमेन भरलं नाही, ते सुटलं आणि भलत्याच कुणीतरी उचललं. एका मे महिन्यात डोंबिवलीच्या जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन. त्यांच्याकडे कुठलं तरी स्टिकर नसलेलं खोकं होतं. "अगो, तुमच्या साइटवर आंबे कुठायत? मला रमी खेळायला बोलावतायत!" काकूंनी हसत सांगितलं म्हणून निभावलं.

दुसरी साइट २०२१ ला, लॉकडाऊनचा धडा घेऊन. या वेळी परदेशी कंपनीचं तयार दुकान, भाड्याने. महिना २९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे एकवीसशे-बावीसशे रुपये. ते दुकान दिसायला सुरेख, बंद कधी पडलं नाही, मोबाइलवर झरझर चालायचं. खोटं कशाला बोलू. पण आमचा धंदा मार्चअखेर ते मेअखेर. जून ते फेब्रुवारी दुकानात विकायला होतं काय, तर कोकम, आगळ आणि आंबापोळीची चार पाकिटं, आणि भाडं मात्र बारा महिने. वर्षाचे सव्वीस हजार, जवळपास. शिवाय पैसे घ्यायला भारतातला गेटवे जोडला म्हणून प्रत्येक ऑर्डरवर दुकानवाल्याचे दोन टक्के वेगळे आणि गेटवेचे दोन टक्के वेगळे. बारमाही माल विकणाऱ्याला, साड्या म्हणा, मसाले म्हणा, हे भाडं परवडेलही. आम्हाला म्हणजे पावसाळ्यात आंब्याला राखण्या ठेवल्यासारखं झालं.

त्यात गुवाहाटीची ऑर्डर आली. सहा खोकी, पैसे भरलेले. आम्ही पाठवतो मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. पिकायला घातलेला आंबा गुवाहाटीला पोचेपर्यंत त्याचा मुरांबा होईल. पैसे परत केले, पण गेटवेने आपली फी काही परत दिली नाही. पिनकोडवर अडवायची सोय होती, पण ते जोडपॅकेज महिन्याला वेगळे पैसे मागत होतं. दोन हंगाम काढले आणि बंद केलं. या साइटचा एकच फायदा उरला: या वेळी डोमेन मी स्वतः घेतलं होतं, माझ्या मेलवर, माझ्या कार्डाने.

डोमेनवरून एक आठवलं. आमच्या नावात 'बाग' आहे. इंग्रजीत तो एक 'ए' घालून लिहायचा की दोन? गिऱ्हाईक दोन्ही लिहितं. म्हणून मी दोन्ही घेतली, प्रत्येकी साडेसातशेच्या आसपास वर्षाला, शेवटी डॉट इन. देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, मला मनापासून आवडलं असतं, पण बहुतेक गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर पत्ता टाकताना कीबोर्ड इंग्रजीच असतो. पहिल्या वर्षाच्या ९९ रुपयांच्या जाहिरातीला मात्र भुलू नका. शेजारी बारीक अक्षरात पुढच्या वर्षाचा दर असतो, तोच खरा. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवतात त्या जागेच्या भाड्याचं, तर त्याहून: चार वर्षांचे एकदम भरले तर स्वस्त, आणि पाचव्या वर्षी दुप्पट-तिप्पट.

आता तिसरी, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. रत्नागिरीतला एकटाच काम करणारा मुलगा, तिशीचा. सप्टेंबर २०२३ ला सांगितलं, जानेवारीत चालू झाली. हंगामी धंद्याने वेबसाइट मोहोर यायच्या आधी सांगावी. मार्चमध्ये सांगाल तर जूनमध्ये मिळेल. त्याने वर्डप्रेस नावाच्या साइट बनवायच्या तयार यंत्रणेवर केली, दुकान त्याच्याच जोडीच्या वूकॉमर्सचं. दोन्ही फुकट आहेत, पैसे त्याच्या हाताचे: २२,०००, निम्मे आधी आणि निम्मे साइट चालू झाल्यावर. जीएसटीच्या मर्यादेखाली असल्याने कर नाही. दोन डोमेन १,५००. होस्टिंग ५,०००, खातं माझ्या नावावर. फोटोवाला एक दिवस बागेत आणला, त्याचे ६,०००. पहिल्या वर्षाची बेरीज ३४,५००.

फोटोंचे सहा हजार देताना हात आखडत होता, आणि तेच सगळ्यात वसूल झाले. एका फोटोत अण्णा झेला घेऊन झाडाखाली उभे आहेत, जाळीत एकच आंबा, देठाला चीक. दुसरा आढीचा, पेंढ्यात रांगेने लावलेले फिक्कट हिरवे-पिवळे आंबे. फोन करणाऱ्यांतले निम्मे त्या आढीबद्दल बोलतात. अण्णांनी आपला फोटो बघून "बनियन तरी बदलायला सांगायचंत" एवढंच म्हटलं, पण सगळ्या पाहुण्यांना तो पाठवला त्यांनीच.

मजकुराचा खर्च मी वाचवायला गेले आणि तीन रात्री घालवल्या. आमचं माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत केलेलं होतं. तेच मुलाला पाठवलं. साइटवर चढवलं तर मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टोप्यांची भेळ. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला आणि नेटला कळणाऱ्या मराठीत, सरळ उतरत नाही, हे तेव्हा कळलं. पुन्हा टाइप करणं आलं. बोलून लिहायला गेले तर मोबाइल दर वेळी 'हापूस'चं 'हा फूस' करायचा. फॉन्ट त्याने मुक्त नावाचा घातला, तो फुकट आहे आणि जोडाक्षरं छान दिसतात. तुमच्याकडे जुनं माहितीपत्रक असेल तर ते युनिकोडमध्ये आहे का, एवढं आधी बघा; नसेल तर टायपिंगचे हजार-दोन हजार धरून ठेवा.

गेटवे मिळायला पंधरा दिवस गेले, कारण ते लोक साइटवर अटी, गोपनीयता आणि पैसे परतीचं धोरण ही पानं असल्याशिवाय खातं चालू करत नाहीत. मुलाने कुठूनतरी तयार पान चिकटवलं: 'वस्तू न वापरलेली, मूळ वेष्टनासह सात दिवसांत परत करावी.' आंबा! न वापरलेला! सातव्या दिवशी! मग मीच लिहिलं: खोकं मिळाल्यापासून २४ तासांत डागी फळाचा फोटो, साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो, कधीही, आणि तेवढी फळं पुढच्या खोक्यात जादा. साका बाहेरून आम्हालाही दिसत नाही, त्याचं भांडण गिऱ्हाइकाशी का घालायचं?

२०२४ च्या हंगामात साइटवरून २१२ खोकी गेली, १,९०० रुपयांनी. दर खोक्यामागे गेटवेचे दोन टक्के म्हणजे ३८ आणि त्यावर जीएसटी, मिळून पंचेचाळीस रुपये. हंगामाचे साडेनऊ हजार झाले. हा खर्च कुणी कोटेशनमध्ये लिहीत नाही, कारण तो वेबसाइटवाल्याच्या खिशात जात नाही. यूपीआयवर व्यापाऱ्याकडून बँकेने शुल्क घ्यायचं जानेवारी २०२० पासून बंद आहे, पण गेटवेवाला आपली सेवा म्हणून घेतोच. म्हणून जुन्या गिऱ्हाइकांना मी सरळ व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवते. दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च असा: डोमेन आणि होस्टिंग ६,५००, मुलाची देखभाल ६,०००, गेटवे साडेनऊ हजार. बावीस हजार. चार लाखांच्या विक्रीवर शंभराला साडेपाच रुपये. वाशीला पेटी पाठवली की दर काय लागला ते व्यापाऱ्याची हिशेबाची पट्टी आल्यावर कळतं. इथे निदान दर मी लावते.

त्या मुलाचं कौतुकच करायचं नाहीये. शनिवारी फोन उचलत नाही. गणपतीत आठ दिवस गायब, अर्थात गणपतीत कोकणात कोण जागेवर असतं. इंग्रजी पानावर रत्नागिरीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर खाल्लं होतं, ते दोन महिन्यांनी माझ्या भाच्याने दाखवलं. आणि २८ मार्चला, ऐन पहिल्या तोडीच्या आठवड्यात, संध्याकाळी न विचारता कसलंतरी अपडेट टाकलं आणि पैसे भरायचं बटण गायब. तीन तासांत जुना बॅकअप चढवला, माफी मागितली. आता लेखी ठरलंय की मार्च ते मे कशालाही हात लावायचा नाही. देखभालीचे सहा हजार जास्त वाटतात खरे, पण त्या तीन तासांत ते फिटले. पाचपैकी पावणेचार.

त्याच्याकडून मी एका वहीत लिहून घेतलंय: डोमेन कुठे घेतलं, होस्टिंग कुठे, वर्डप्रेसचं मुख्य खातं कुणाच्या मेलवर, गेटवे कुणाच्या नावे, प्रत्येकाची तारीख कधी संपते. शंभर पानी वही आहे, लिहिलंय दोन पानांवर. ती कपाटात बँकेच्या पासबुकाशेजारी असते.

राहिला नणंदेचा प्रश्न. आठ की ऐंशी. मी म्हटलं, ताई, आधी गूगलवर होमस्टेचं प्रोफाइल नीट भरा, पंचवीस फोटो टाका, ते फुकट आहे. व्हॉट्सॲप बिझनेसवर खोल्यांचे दर लावा, तेही फुकट. गूगल पूर्वी प्रोफाइलबरोबर छोटी साइटही फुकट द्यायचं, ती मार्च २०२४ मध्ये त्यांनी बंद केली. आमच्या ओळखीच्या एका खानावळवाल्यांनी तोच पत्ता बोर्डावर रंगवला होता. म्हणून आपलं डोमेन हवंच. मग चार-पाच पानांची साधी साइट, पंधरा ते अठरा हजार. फोटो पाच-सहा हजार. डोमेन, होस्टिंग सहा हजारांच्या आत. पहिल्या वर्षी पंचवीस-तीस, पुढे वर्षाला दहा. ऐंशीवाला काय देतोय विचारलं, तर आपोआप बुकिंग होणारं कॅलेंडर आणि बाहेरच्या बुकिंग साइटींशी जोडणी. चार खोल्या आहेत, त्यातली एक कायम भाऊजींच्या मित्रांना. वहीत मावतंय ते. आठवाल्याला एवढंच विचारा की डोमेन कुणाच्या नावावर. त्याने म्हणे उत्तर दिलं, "आमच्याकडे सेफ राहील, मॅडम."

त्याच रात्री साडेदहाला पुन्हा फोन. "वहिनी, मीच घेतलं! ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला."

नाव विचारलं. ग्रामदैवत, सासऱ्यांचं नाव, होमस्टे आणि गणपतीपुळे, सगळं एका दमात. इंग्रजीत सदतीस अक्षरं. मी मोजून सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणाल्या, "पैसे परत मिळतात का गं?"